‘घेतलं’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही

आम्ही मारेगाव तालुक्यातल्या एका गावातल्या बचत गटांच्या बाया. आमच्या गावात नऊ गट आहेत आणि त्या नऊ गटांचा मिळून एक ग्रामसंघ आहे. आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते एका खेळाच्या दिवसाबद्दल, आणि त्या दिवसातून आमच्या पदरात काय पडलं त्याबद्दल.

शहरातल्या कंपन्यांमध्ये ‘टीम बिल्डिंग’ नावाचा एक प्रकार असतो. कर्मचाऱ्यांना एक दिवस ऑफिसबाहेर मोकळ्या जागी नेतात, खेळ खेळायला लावतात, एकमेकांच्या साथीने एखादं काम पार पाडायला सांगतात. आपली माणसं एक जुटीनं कशी काम करतात, हे त्यातून त्यांचं त्यांना कळावं असा हेतू असतो. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत जेव्हा असा दिवस करायचा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो रोजीचा. वेचाईचे पैसे किलोवर मिळतात. एक दिवस वावरात गेलं नाही, तर तेवढा कापूस दुसरीच्या ओटीत जातो. आपण काही लहान लेकरं आहोत का खेळायला, असंही एकीनं विचारलं. हे दोन्ही प्रश्न रास्त होते. म्हणून शेवटचा वेचा उरकला, तूर घरात आली, त्यानंतरचा एक दिवस आम्ही ठरवला. तोही पूर्ण नाही, सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत.

तसं पाहिलं तर बायांनी घराबाहेर, झाडाखाली एकत्र जमणं आपल्याकडे नवीन नाही. कापसाचा पहिला वेचा करण्याआधी आपण वावरात सीतादही करतो, दहीभात ठेवतो. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली आवळीभोजन असतं. निंदणाला दहा-बारा जणी एका ओळीत लागतात, तेव्हा कुणी मागं राहिली तर शेजारची तिची पात ओढून देते. हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण अंगवळणी पडलेल्या कामाकडे आपण थांबून पाहत नाही. खेळात ते पाहता येतं, कारण खेळात पीक बुडत नाही आणि मालक ओरडत नाही. काय बिघडलं ते पाहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून खेळायचं.

या कल्पनेचा उगमही सांगण्यासारखा आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रात पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवत होत्या आणि वाचलेले खलाशी छोट्या होड्यांमध्ये दिवसच्या दिवस काढत होते. लॉरेन्स होल्ट नावाच्या इंग्रज जहाज कंपनीच्या मालकाच्या लक्षात आलं की अंगापिंडानं धट्टीकट्टी तरुण पोरं आधी हिंमत सोडतात आणि वयस्क खलाशी तगून राहतात. बळ तरुणांकडे जास्त होतं, पण स्वतःवरचा आणि सोबत्यांवरचा भरवसा जुन्या माणसांकडे जास्त होता. मग होल्ट आणि कुर्ट हान नावाचे एक शिक्षक यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्स प्रांतातल्या ॲबरडोवी इथं एक शाळा सुरू केली. तिचं नाव आउटवर्ड बाउंड. तिथं पोरांना समुद्रावर आणि डोंगरात नेऊन, अडचणीत एकमेकांच्या साथीनं काम करायला शिकवलं जाई. आज कंपन्या ज्याला टीम बिल्डिंग म्हणतात, त्याचं एक मूळ तिथं आहे. मजा म्हणून हे सुरू झालं नव्हतं. जीव वाचवण्यासाठी झालं होतं.

आपल्याकडचं उदाहरण तर अगदी जवळचं आहे. पाणी फाउंडेशननं २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पुढं आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांमधली गावंही तिच्यात उतरली. ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस, ऐन उन्हात, लोक चर खोदत होते आणि बांध घालत होते. पण कुदळ-फावडं हातात घेण्याआधी गावातल्या निवडक माणसांचं प्रशिक्षण होई, आणि त्यात माती-पाण्याच्या माहितीबरोबर खेळही असत, गाणीही असत. पाणलोटाच्या कामाला खेळ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण गावात मशीन आणता येतं, एकी मशीननं आणता येत नाही. २०१७ मध्ये या स्पर्धेत पहिलं आलं ते काकडदरा, वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं कोलाम आदिवासींचं छोटंसं गाव. मोठमोठी गावं मागं राहिली. आपल्या तालुक्यातल्या पोडांवरच्या मैत्रिणींना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

आता आमच्या दिवसाकडे येऊ. गावाबाहेर नाल्याच्या काठावर कडुनिंबाची मोठी झाडं आहेत, शेजारी विहीर आहे. तिथं आम्ही चाळीसेक जणी जमलो. खेळ घ्यायला प्रशिक्षण झालेली एक ताई आली होती. ताईनं सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या. बक्षीस कुणालाही नाही. आणि प्रत्येक खेळानंतर दोन प्रश्नांची उत्तरं आपणच द्यायची: खेळात कुठं अडलं? आणि आपल्या गटात असंच कुठं अडतं?

पहिला खेळ रस्सीखेच. तो सगळ्यांना माहीत असतो. ज्यांना पाठीचा त्रास आहे, ज्यांचं ऑपरेशन झालंय, ज्या गरोदर आहेत, त्यांना ताईनं पंच केलं. आधी तीन-तीन जणी खेळल्या, मग दहा-दहा. आणि एक गंमत झाली. तीन जणींच्या खेळात दोर कसा ताठ होता, प्रत्येकीच्या टाचा मातीत रुतत होत्या. दहा जणींच्या खेळात मात्र दोर मधूनच ढिला पडत होता. पंच बाया बाहेरून पाहत होत्या, त्यांनीच ते आधी टिपलं.

खेळ झाल्यावर ताईनं एक माहिती दिली, ती आम्हाला फार आवडली. फ्रान्समध्ये माक्सिमिलियन रिंगेलमान नावाचे शेतीचे अभियंते होते. माणूस, बैल, घोडा आणि यंत्र यांच्यात कोण किती ओढतं, याचा ते अभ्यास करत. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावलं आणि जोर मोजला. हे आकडे त्यांनी १९१३ मध्ये छापले. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर ९३ भरला. चौघं असताना ७७. आणि आठ जण असताना फक्त ४९. म्हणजे आठ माणसांचं बळ चार माणसांएवढंही भरलं नाही.

असं का होतं? रिंगेलमान यांनी दोन कारणं सांगितली. एक म्हणजे सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. दुसरं म्हणजे प्रत्येकाला वाटतं, शेजारचा ओढतोच आहे. पुढं १९७४ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग पुन्हा झाला. ओढणाऱ्याचे डोळे बांधले आणि तुझ्या मागं आणखी माणसं ओढताहेत असं त्याला सांगितलं. प्रत्यक्षात मागं कुणीच ओढत नव्हतं. तरी त्याचा जोर कमी झाला. म्हणजे नुसतं ‘आपण पुष्कळ जण आहोत’ एवढं मनात आलं, तरी हात सैल होतो. आणि याच्यावरचा उपायही पुढच्या प्रयोगांत दिसला. त्या वेळी लोकांना गटानं ओरडायला लावलं होतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं, की कुणी आवाज कमी करत नव्हतं.

आम्ही पुन्हा दोर धरला. या वेळी आमच्यातली एक काकू बाजूला उभी राहून ठेक्यात हाळी देऊ लागली आणि तिच्या हाळीवर सगळ्या जणींनी एकदम झटका दिला. दोर पुन्हा ताठ झाला. बळ तेवढंच होतं, फक्त ते एका वेळी लागलं.

गटात असं कुठं अडतं, या प्रश्नावर पुष्कळ जणी बोलल्या. बैठकीला सगळ्या असतात तेव्हा बँकेत कोण जाणार हे नक्की ठरत नाही, कारण कुणीतरी जाईलच असं प्रत्येकीला वाटतं. शाळेच्या समितीला, ग्रामसभेला ‘बायांनी जावं’ असं ठरतं, पण कोणत्या बाईनं जावं ते ठरत नाही. आता आमच्या ठरावात नाव लिहिलं जातं. ‘गटानं करावं’ असं वाक्य इतिवृत्तात येत नाही. ‘अमुक ताई आणि तमुक काकू शुक्रवारी बँकेत जातील’ असं येतं. एवढ्यानंही दोर ताठ राहतो.

दुसरा खेळ पाण्याचा. विहिरीपासून साठेक पावलांवर एक रिकामा ड्रम ठेवला. चोवीस जणी ओळीनं उभ्या राहिल्या. विहिरीवर पाणी काढायचं, गुंड भरायचा आणि एकीनं दुसरीच्या हातात देत देत ड्रमापर्यंत न्यायचा. वीस गुंड पाठवायचे. ड्रमातलं पाणी नंतर पांदणीवर लावलेल्या रोपांना घालायचं होतं, म्हणजे कामही खरंच होतं.

आपला तर जन्म पाणी वाहण्यात गेला. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक गुंड घेऊन थेंबही न सांडता चालणाऱ्या बाया आमच्यात आहेत. वीस गुंड गेले आणि ड्रम पाहिला, तर अर्ध्याच्या थोडा वर भरलेला. ताई म्हणाली, “आता कुणीही जागेवरून हलू नका. फक्त खाली जमीन पाहा.”

आम्ही पाहिलं. काळ्या मातीत ओले डाग पडले होते. पण एकाही बाईच्या पायाशी डाग नव्हता. सगळे डाग दोघींच्या मधल्या जागेत होते. ज्या बाईनं गुंड धरला होता तिच्या हातून पाणी सांडलं नव्हतं, आणि जिनं घेतला तिच्याही हातून सांडलं नव्हतं. ते सांडलं होतं देता-घेताना.

मग आमच्यातली एक वयस्क काकू पुढं झाली. तिनं उमेदीच्या वयात पुलाच्या बांधकामावर घमेली वाहिली आहेत. ती म्हणाली, “आमच्या कामावर रीत होती. देणारीनं ‘देते’ म्हणायचं. घेणारीनं दोन्ही हातांनी धरलं की ‘घेतलं’ म्हणायचं. ‘घेतलं’ ऐकू आल्याशिवाय हात सोडायचा नाही. नाहीतर गिलावा पायावर पडायचा.” बस, एवढंच. तिनं हे कधी कुठल्या बैठकीत सांगितलं नव्हतं, कारण बैठकीत कधी कुणी घमेली वाहत नाही.

दुसऱ्या फेरीत सगळ्या ओळीभर ‘देते’, ‘घेतलं’, ‘देते’, ‘घेतलं’ असा आवाज चालू राहिला. आधी हसू येत होतं, मग त्याचा ताल जमला. तेवढेच वीस गुंड गेले आणि ड्रम काठोकाठ भरत आला.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट झाली. ओळीतली एक जण मध्येच म्हणाली, “माझा खांदा दुखतो, मला भरलेला गुंड पेलत नाही, अर्धाच द्या.” क्षणभर ओळ थांबली. मग तिच्या आधीच्या बाईनं तिला ओलांडून पलीकडच्या बाईला भरला गुंड द्यायला सुरुवात केली आणि तिच्याकडे विहिरीवर दोर सोडायचं काम दिलं. ओळ पुन्हा चालू झाली आणि पहिल्यापेक्षा वेगानं चालली. पेलत नाही हे तिनं बोलून दाखवलं म्हणून पाणी वाचलं. बोलली नसती, तर तिच्या जागेवर दर वेळी थोडं थोडं सांडत राहिलं असतं, आणि शेवटी ड्रम रिता का राहिला म्हणून सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं असतं.

मैत्रिणींनो, या एका खेळानं आमच्या गटाचं कामकाज जेवढं बदललं, तेवढं दुसऱ्या कशानं बदललं नाही. उमेदच्या गटांना पंचसूत्री पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. या पाचही गोष्टी एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या आहेत. बचतीचे पैसे सदस्याकडून कोषाध्यक्षाकडे, तिच्याकडून बँकेत, बँकेतून पासबुकावर आणि पासबुकावरून पुन्हा सदस्याच्या कानावर. यातल्या कुठल्याही दोन हातांच्या मध्ये माहिती सांडू शकते. आणि सांडली की संशय येतो. गट फुटतात ते पैसे खाल्ल्यामुळे थोडे आणि संशयामुळे जास्त.

म्हणून आता आमच्याकडे ‘देते–घेतलं’ची रीत आहे. बँकेत पैसे भरून आलेली बाई पुढच्या बैठकीत पावती दाखवते आणि आकडा मोठ्यानं वाचते. ज्यांना वाचता येत नाही त्या तो आकडा तोंडानं पुन्हा म्हणतात. मग सगळ्या जणी म्हणतात, “घेतलं.” तेव्हाच पुढचा विषय. पाच मिनिटं जास्त लागतात. पण घरी जाताना कुणाच्या पोटात शंका राहत नाही.

तिसरा खेळ डोळे बांधून चालण्याचा. एकीचे डोळे पदरानं बांधायचे आणि बाकीच्यांनी नुसतं बोलून तिला धुऱ्यावरून झाडापर्यंत न्यायचं. हात लावायचा नाही. पहिल्या वेळी चाळीस जणी एकदम ओरडू लागल्या. डावीकडे, उजवीकडे, अगं थांब, अगं चल. डोळे बांधलेली बाई जागच्या जागी उभीच राहिली. प्रत्येक जण तिच्या भल्याचंच सांगत होती. पण चाळीस जणींचं भलं एकाच वेळी कानात शिरलं, की पाऊल उचलत नाही.

मग एकेकीनं वाट दाखवायचं ठरलं. आणि सगळ्यांत नीट वाट कुणी दाखवली माहीत आहे? पोडावरच्या एका मैत्रिणीनं. ती बैठकीत कोपऱ्यात बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही. तिनं मोठ्यानं ओरडा केला नाही. ती डोळे बांधलेल्या बाईच्या अगदी शेजारून चालली आणि पाऊल-पाऊल सांगत गेली. “आता डावा पाय. पुढं खडा आहे. थोडा उंच उचल. हं, आता टेक.” ती झाडाकडे पाहत नव्हती, बाईच्या पायाकडे पाहत होती. बाकीच्या जणी झाड दाखवत होत्या, ही पुढचं पाऊल दाखवत होती.

हा धडा आपल्या भागात केवढा मोलाचा आहे, ते आम्ही वेगळं सांगायला नको. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते. फवारणी करणाऱ्या माणसाला आपल्या अंगावर वारा कसा येतोय, डोळे लाल झालेत का, पावलं अडखळताहेत का, हे स्वतःला लवकर कळत नाही. त्याच्यासाठी पाणी आणून देणारी, औषधाचे डबे उचलणारी आपल्यापैकीच कुणीतरी वावरात असते. आम्ही ठरवलं आहे की फवारणीच्या दिवशी घरातलं एक माणूस फक्त पाहणारं असावं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं. तोंड-नाक झाकलंय का ते पाहील, वारा फिरला की थांब म्हणेल, आणि चक्कर, मळमळ, धूसर दिसणं यांतलं काही जाणवलं, तर फवारणी बंद करून, अंगावरचे कपडे काढून, साबणानं अंग धुऊन सरळ दवाखाना गाठायला लावील. औषधाचा डबाही सोबत न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना औषध कोणतं ते कळतं. त्या वेळी दहा जणांचे सल्ले नकोत. एकच आवाज हवा, तोही जवळून.

घरात आजारपण आलं, पोरीच्या शिक्षणाचा फॉर्म भरायचा आला, तरी हेच लागू आहे. आता गटातली एखादी बाई कसल्याही कामासाठी तालुक्याला निघाली, तर तिच्यासोबत कोण जाणार ते आम्ही ठरवतो. एकच सोबतीण, शेवटपर्यंत तीच.

साडेबाराच्या सुमारास जेवण झालं. गोवऱ्यांच्या हारावर रोडगे भाजले होते, सोबत वांग्याची भाजी. त्यातही ताईनं एक नियम घातला होता. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांनी वाढायचं आणि शेवटी जेवायचं. नेहमी शेवटी जेवणाऱ्या बाया त्या दिवशी पहिल्या पंगतीत बसल्या. कुणाच्या ताटात काय आहे आणि कोण कुठून आलंय हे त्या पंगतीत कुणी पाहिलं नाही. वाढणाऱ्यांना मात्र कळलं की चाळीस माणसांत एक जण काहीच खात नाहीये.

ती आमच्याच एका गटातली सदस्य. सारखं वाढायला गेल्यावर ती बोलली. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी तिनं एका खाजगी कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. त्याचा हप्ता दर आठवड्याला, आणि आपल्या गटाचा हप्ता महिन्याला. एकाचा हप्ता भरण्यासाठी ती दुसऱ्याकडून उसने घेत होती. कर्जाचं कार्ड तिनं धान्याच्या कोठीत लपवून ठेवलं होतं. घरात कुणाला धड माहीत नव्हतं. जेवणाच्या पानावर बसून ती एवढंच म्हणाली, “मलाही आता अर्धाच गुंड पेलतो.”

सगळ्या जणी गप्प झाल्या. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत कशासाठी येतं, ते प्रत्येकीला ठाऊक आहे. आमच्यात दोन जणी अशा आहेत, ज्यांच्या घरचा कर्ता माणूस कर्जापायी गेला. त्यांच्यातली एक म्हणाली, “माझ्या घरात हे वाक्य कुणी बोललं असतं, तर मी काहीही विकलं असतं.”

त्या दुपारी कुणी तिला उपदेश केला नाही. ‘एवढं कर्ज घ्यायचंच कशाला’ हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. पुढच्या बैठकीत तिच्या गटानं ठराव केला. अंतर्गत कर्जाचा तिचा हप्ता सहा महिने अर्धा, आणि तसं इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. ग्रामसंघाकडे अडीअडचणीसाठी ठेवलेला निधी असतो, त्यातून तिला थोडी मदत दिली. खाजगी कंपनीचा हप्ता आम्हाला कमी करता आला नाही, तो आमच्या हातात नाही. पण वसुलीचा माणूस येतो त्या दिवशी दोघी जणी तिच्या ओसरीवर जाऊन बसतात. माणूस तोच येतो, पैसेही तेवढेच न्यायचे असतात. पण तीन बायांशी बोलताना त्याचा आवाज एका बाईशी बोलताना असतो तसा राहत नाही.

आता या दिवसानं काय झालं नाही, तेही सांगायला हवं. एका दिवसाच्या खेळानं कापसाला भाव मिळत नाही. बोंडअळी जात नाही, पावसाचा खंड भरून निघत नाही. दोघी जणींनी सांगितलं की पुढच्या वर्षी रोजी बुडवून येणं आम्हाला जमणार नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्यासाठी पुढच्या वेळी अर्ध्या दिवसाऐवजी दोन तासांचाच कार्यक्रम ठेवता येईल का, ते आम्ही पाहतो आहोत. खेळ खेळले की एकी आपोआप येते, असंही नाही. एकीला कुठं कुठं भोकं आहेत, एवढं खेळात दिसतं. ती बुजवायची तर पुढचे सगळे महिने बैठकीतच बुजवावी लागतात.

तुमच्या गावात असा दिवस करायचा असेल, तर फार खर्च लागत नाही. एक जाड दोर, आठ-दहा गुंड, एक ड्रम आणि झाडाची सावली. उन्हाळ्यात करू नका, किंवा केलात तर सकाळी दहाच्या आत उरका. पिण्याचं पाणी भरपूर ठेवा. खेळायला न जमणाऱ्या बायांना घरी ठेवू नका, त्यांना पंच करा, कारण बाहेरून पाहणाऱ्याला जास्त दिसतं. बक्षीस ठेवू नका, बक्षीस आलं की रुसवे येतात. कामाचा एखादा खेळ जरूर ठेवा, म्हणजे दिवस संपल्यावर रोपांना पाणी मिळालेलं असतं किंवा पांदण साफ झालेली असते. आणि प्रत्येक खेळानंतर ते दोन प्रश्न नक्की विचारा: कुठं अडलं, आणि गटात असंच कुठं अडतं. ते प्रश्न विचारले नाहीत, तर ती नुसती सहल होते. सहलही चांगलीच, पण ती दुसऱ्या दिवशी संपते.

आमच्या बैठकीत आता वसुलीच्या वहीआधी एक प्रश्न विचारला जातो. प्रार्थना झाली की अध्यक्षताई विचारतात, “कुणाचा गुंड जड झालाय का?” बहुतेक वेळा सगळ्या ‘नाही’ म्हणतात आणि हसतात. कधी एखादी मान खाली घालते. मग त्या दिवशी हप्त्याची वही थोडी उशिरा उघडते.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची पुढची बैठक असेल तेव्हा हा प्रश्न एकदा विचारून पाहा. आणि उत्तर आलं, तर घाईनं हात पुढं करू नका, दोन्ही हातांनी धरा आणि ‘घेतलं’ म्हणा. आमचं बोलणं इथंच थांबवतो. नमस्कार.